बकुळेच्या नावचा सरकारी कागद

बकुळेला मोडी येते, हे इंदूरच्या कॉलेजात कुणाला सांगितले की आधी सगळे हसायचे. मोडी म्हणजे म्हाताऱ्या कारकुनांचा प्रांत. आणि ही वीस वर्षांची, दोन वेण्यांची पोर, देवासहून सकाळच्या बसने येणारी! पण बस सुटली, शेंगदाण्यांची पुडी उघडली, की शेजारी बसणारी तिची मैत्रीण कमल विचारायची, "काल काय वाचलंस गं?"

"धारकडच्या एका सुभेदाराचा उंट हरवलाय. त्याचं हे तिसरं पत्र. अजून सापडत नाही."

मग इंदूर येईपर्यंत दोघींना दीडशे वर्षांपूर्वीच्या उंटाची काळजी. पुढे बसलेले शेटजी मागे वळून म्हणायचे, "भिया, किस का ऊंट गया?"

ही विद्या तिला वडिलांनी दिलेली. खंडोजी देवासच्या थोरल्या पातीच्या दप्तरात होते; एकाच गावात दोन राज्ये, त्यांना थोरली आणि धाकटी पाती म्हणत. मुलगी सहा वर्षांची असताना त्यांनी सुपात पीठ पसरून तिला मोडीचे वळण गिरवायला लावले, आणि त्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या की म्हणायचे, "खा, आजचा धडा पचव." खंडोजींना जाऊन आता तीन वर्षे झाली होती. संस्थाने विलीन झाली, दप्तरे पोरकी झाली, आणि जुने कागद वाचणारे डोळे एकेक करून मिटत चालले. अशात पुण्याच्या एका संशोधन मंडळाला कुणीतरी बकुळेचे नाव कळवले. त्यांचे पत्र आले: मोडी कागद बाळबोधीत उतरवून द्याल का? पानाला सहा आणे.

काम मोठे मौजेचे होते. महिन्यातून दोनदा बकुळा बसने धारला जाई. तिथे नारायणराव नावाच्या निवृत्त दप्तरदारांकडे रुमालच्या रुमाल पडलेले असत. जुने कागद कापडात बांधले की त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचे. एक रुमाल पिशवीत घालून आणायचा, घरी बसून उतरवायचा, नक्कल रजिस्टर पोस्टाने पुण्याला धाडायची. दहा-पंधरा दिवसांनी मनिऑर्डर. हजेरी नाही, घंटा नाही. कॉलेजची फी, बसभाडे, पुस्तके, सगळे त्यातून निघे, वर आईसाठी कधी एखादे पातळ.

घरचे कर्ते म्हणजे धाकटे काका, उदाजीराव. थोरल्या पातीत ते फराशखान्याचे दरोगा होते. तंबू, कनाती, सतरंज्या, गालिचे, सगळे त्यांच्या ताब्यात. आता ना तंबू राहिले ना दरबार. पण सकाळी पगडी घातल्याशिवाय ते अजून दारात उभे राहत नसत. त्यांचा एकच नियम होता, आणि तो दगडावर कोरलेला: आमच्या घरच्या लेकी नोकरी करणार नाहीत. मोडीच्या कामाला त्यांनी हरकत घेतली नव्हती, कारण ती त्यांच्या लेखी वडिलांची विद्या होती, आणि मनिऑर्डर म्हणजे पुणेकरांनी केलेला सन्मान. शंका विचारायचे त्यांना सुचले नाही आणि सुचवायचे बकुळेच्या जिवावर आले होते.

एकोणीसशे चौपन्नच्या सप्टेंबरात, गणपती नुकतेच बोळवलेले असताना, एका दुपारी दारात खणखणीत आवाज उठला.

"बा अदब! सौभाग्यकांक्षिणी बकुळाबाईसाहेब यांच्या नावे सरकारी कागद येत आहे हो!"

आरोळी विठोबाची. विठोबा एके काळी धाकट्या पातीचा चोपदार होता. आता इन्कमटॅक्सचे साहेब उज्जैनहून दौऱ्यावर आले की डाक बंगल्यात त्यांचा चपराशी. नोटिसा वाटणे हे त्याचे काम, पण नुसते "नोटीस घ्या" म्हणायला त्याची जीभ वळत नसे. गळ्याची सवय अशी एका दिवसात जाते थोडीच!

उदाजीराव झोपाळ्यावरून ताडकन उठले. धाकट्या पातीचा चोपदार थोरल्या पातीच्या दारात! आणि कागद हातात! सहा वर्षांत या घरी लाखेचा, शिक्क्याचा, मुद्रेचा कागद आला नव्हता. त्यांनी विठोबाला थांबवले, हातपाय धुतले, पगडी चढवली, आणि दोन्ही हात पुढे करून नोटीस घेतली. मस्तकाला लावली. मग वहिनीला, म्हणजे बकुळेच्या आईला, इंदिराबाईंना हाक मारली, "वहिनीसाहेब, ताम्हण आणा!"

"काय आहे पण त्यात?" इंदिराबाईंनी विचारले.

"शिक्का आहे. तीन सिंहांचा."

विठोबाला तबकात नारळ आणि सव्वा रुपया मिळाला. नोटिसा वाटण्याच्या आयुष्यात लोकांनी त्याच्यावर कुत्री सोडली होती, नारळ पहिल्यांदाच. तो इतका भारावला की जाताना पुन्हा एकदा, उलट दिशेला तोंड करून, सगळी आरोळी ठोकून गेला. तेवढ्याने गल्लीतली उरलीसुरली दारेही उघडली. उदाजीरावांनी हलवायाकडून दोन शेर पेढे आणवले आणि घरोघर स्वतः वाटले.

"बकुळेला इन्कमटॅक्स लागला!"

"वा! कितवी आली?" एका म्हातारीने विचारले.

संध्याकाळी बकुळा बसमधून उतरली तर कोपऱ्यावरच तिचे अभिनंदन सुरू झाले. घरी येऊन पाहते तो देवघरात, टाकांच्या शेजारी, नोटीस उभी. वर हळद, कुंकू, अक्षता, आणि जास्वंदीचे एक फूल. तिने ती हळूच उचलली आणि वाचू लागली. गेल्या एप्रिलपासून मार्चअखेर तुमचे उत्पन्न किती व कशाचे, हे सोबतच्या फॉर्मात भरून अमुक तारखेस समक्ष हजर राहावे. अमुक तारीख कुठली? ती नेमकी कुंकवाखाली. काकांनी बोट असे दाबले होते की कागदावरून सरकारही पुसले गेले असते.

"काकासाहेब, ही सनद नाही. उत्पन्नाचा हिशोब मागितलाय. कर बसतो की काय ते बघायला."

"मग? कर ज्याची ऐपत असते त्यालाच बसतो. मान आहे तो!"

इंदिराबाई भाकरी थापत होत्या. त्या फारसे बोलत नसत, पण बोलल्या की भाकरीबरोबर बोलणाराही उलटा होई. म्हणाल्या, "भाऊजी, पलीकडच्या यशवंतरावांना हा कर लागतो. ते गिरणीत मोठे कारकून आहेत. पगारवाल्यांना लागतो हा. म्हणजे आपल्या पोरीला सरकारनं पगारवाली ठरवली म्हणायची."

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

"पगार? म्हणजे नोकरी?"

फॉर्मवर तर छापलेले होतेच: पगार. त्याखाली घर-भाडे, त्याखाली धंदा-व्यवसाय, त्याखाली इतर. यातल्या एका रकान्यात आपले मोडी बसवायचे होते, आणि कुठल्या, ते बकुळेला स्वतःलाच ठाऊक नव्हते. मंडळ दर महिन्याला पैसे देते. म्हणजे पगारच की काय?

उदाजीराव उठून उभे राहिले. "बकुळे, मी साहेबांकडे तुझ्याबरोबर येतो. त्यांनी 'नोकरी' असं लिहिलं, तर ते काम त्या दिवशी बंद. आणि काम बंद म्हणजे फी बंद, कॉलेज बंद. फी भरायची माझी ऐपत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण खंडोजीदादाची मुलगी कुणाची चाकर, असं सरकारी दप्तरात मी नोंदवू देणार नाही."

पेढे वाटलेले, गल्लीभर बोभाटा झालेला. त्यांनाही आता मागे फिरता येईना. बी.ए.चे शेवटचे वर्ष होते. बकुळेने त्या दिवशी सुभेदाराचा उंट दोन वेळा वाचला आणि दोन्ही वेळा तिला तो उंट आहे की घोडा ते कळले नाही.

तारीख विठोबाने सांगितली: सोमवार, दहा वाजता, डाक बंगला.

सोमवारी काकांचा थाट बघायला लोक ओट्यांवर आले. पगडी, अंगरखा, खांद्यावर उपरणे. बकुळेच्या हातात एक कापडी पिशवी, तिच्यात मनिऑर्डरीच्या पावत्या, पोस्टाच्या पावत्या, बसची तिकिटे. वाटेत काकांनी आणखी एक गहन प्रश्न काढला.

"हा कर कुठल्या पातीचा? आपण राहतो थोरलीत. पण बस मिळते धाकटीच्या बाजूला. दोनदा तर नाही ना भरावा लागणार?"

"पाती संपल्या, काकासाहेब. सहा वर्षं झाली."

"पण कराच्या बाबतीत कुणी विचारलंय का नीट?"

साहेबांचे आडनाव नागर. उज्जैनचे, तिशीतले, शाळेत मराठी मुलांच्या शेजारी बसून मराठी उचललेले. टेबलावर फायलींचा डोंगर. विठोबाने दार उघडले आणि छाती भरून घेतली.

"विठोबा, पुकारना मत," साहेब मान वर न करता म्हणाले.

विठोबाची छाती हळूहळू रिकामी झाली.

उदाजीराव पुढे झाले. तीनदा मुजरा केला. मग उपरणे दोन्ही तळहातांवर पसरले, त्यावर चांदीचा एक रुपया ठेवला, आणि तो साहेबांच्या नाकाखाली धरला.

नागरसाहेब खुर्चीसकट मागे सरकले. "अरे! ये क्या कर रहे हैं आप? दिनदहाडे? हटाइए, हटाइए!"

"नजर आहे, साहेब."

"नजर-वजर कुछ नहीं! रिश्वत है! विठोबा, देख, मैंने हाथ नहीं लगाया!"

"पण हात तर लावायलाच हवा!" उदाजीरावांचाही आवाज चढला. "न लावणं म्हणजे अपमान! घ्यायचा कुणी सांगितलाय? लावायचा आणि परत द्यायचा!"

साहेब टेबलाभोवती डावीकडे, काका उपरणे पसरून त्यांच्या मागे. बकुळेला हसू आवरेना आणि रडूही. शेवटी विठोबा मध्ये पडला. खास दरबारी ठेवणीतल्या हिंदीत म्हणाला, "हुजूर, छू के माफ कर दीजिए. रसम है. रुपया उन्हीं का, इज्जत आपकी." साहेबांनी बराच विचार केला, खिडकीबाहेर कुणी पाहत नाही ना ते बघितले, आणि पेन्सिलीच्या टोकाने रुपयाला निसटता स्पर्श केला.

"माफ!" विठोबा गरजला. झाले. काका समाधानाने खुर्चीवर बसले.

साहेबांनी कपाळ पुसले आणि बकुळेचा कोरा फॉर्म पुढे ओढला. "मंडळाने यादी पाठवली आहे. ज्यांना चारशेच्या वर दिले त्यांची नावे. तुझ्या नावापुढे सहाशे बारा. त्यावरून नोटीस निघाली. अब बोल बेटी, हे काय आहे? नोकरी?"

काकांनी झोपाळा नसतानाही झोका घेतल्यासारखे केले.

"मला माहीत नाही," बकुळा म्हणाली. खरेच होते ते.

"ठीक. मी विचारतो, तू सांग. तुला किती वाजता बसायचं ते कोण सांगतं?"

"कुणी नाही. कॉलेजातून आले, की बसते."

"उशीर झाला तर पैसे कापतात?"

"पानं कमी झाली तर कमी. बस."

"टाक, शाई, कागद त्यांचे?"

"नाही, माझे. भिंगसुद्धा मीच घेतलं. नऊ रुपयांचं."

"दुसऱ्या कुणाचं काम घ्यायला मनाई आहे?"

"धारच्या नारायणरावांनी त्यांच्या इनामाचा एक कागद वाचून घेतला होता. त्याचे त्यांनी गूळ आणि तीळ दिले." हेही उत्पन्नात धरतील का, अशा भीतीने तिने घाईघाईने पुढे जोडले, "सव्वा शेरच होता गूळ."

साहेब हसले. "गूळ राहू दे. आणि समज, तुला कंटाळा आला. अर्धा रुमाल दुसऱ्या कुणाकडून उतरवून घेतलास, तर चालतं?"

"मंडळवाले म्हणतात अक्षर कुणाचंही असो, वाचन बिनचूक हवं. चुकलं तर मी परत करून द्यायचं, फुकट."

नागरसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "मग ही नोकरी नाही. नोकराला मालक सांगतो कसं करायचं, कधी करायचं, आणि लेखणी देतो मालक. तुला फक्त काय हवं ते सांगतात. चूक तुझी, वेळ तुझी, शाई तुझी. तू कुणाची चाकर नाहीस. हे तिसऱ्या रकान्यात जाईल. धंदा-व्यवसाय."

काका अर्धे उठले. "धंदा? आम्ही काय दुकान मांडलंय?"

"वकील दुकान मांडतो का? वैद्य मांडतो? दस अशील येतात, मालक एकही नाही. तशी ही."

उदाजीरावांनी पुतणीकडे पाहिले. जणू ती आताच काळा कोट घालून उभी होती. "वकिलासारखी," ते पुटपुटले आणि पुन्हा बसले, या वेळी जरा टेकून.

आता बकुळेची जीभ मोकळी झाली. तिने पिशवी टेबलावर उपडी केली. साहेब समजावू लागले: पगारवाल्याचा पुरा पगार धरतात, पण तुझ्या कामात कमाईसाठी जो खर्च झाला तो आधी वजा. कागद-शाई, भिंग, रजिस्टरची तिकिटे, धारचे बसभाडे.

"आणि कॉलेजची फी? ती तर याच पैशांतून जाते!"

"नहीं. फी तुझ्या शिकण्याची. ती नसती तरी मोडी वाचलंच असतंस. इंदूरच्या बसचं भाडंही नाही. धारचं हो, कारण रुमाल तिथे आहे."

"विद्यार्थिनी म्हणून काही सूट?"

"कायदा विचारतो कमावलं किती, कशातून, आणि कमवायला खर्च किती. तू शाळेत जातेस की शाळा चालवतेस, हे विचारत नाही."

सगळा खर्च सत्त्याण्णव रुपये निघाला. राहिले पाचशे पंधरा. साहेबांनी रकान्यात आकडा घातला, रेघ मारली, आणि खाली मोठे गोल शून्य काढले.

"बेचाळीसशेपर्यंत कर नाही. तुला काही भरायचं नाही. पण नोटीस आली म्हणजे फॉर्म भरायचाच. कर नाही म्हणून उत्तर नाही, असं करशील तर दंड होतो."

"शून्य?" उदाजीराव म्हणाले.

"शून्य."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. खूश व्हा!"

"साहेब," काका पुढे वाकले, आवाज हलका केला, "मी दोन शेर पेढे वाटलेत. गल्लीला काय सांगू? पाच रुपये तरी घ्या."

"घेता येत नाही."

"दोन."

"अरे भाई, कायद्यात बसत नाही!"

"बसवा की! आपण एवढे मोठे हाकीम! सव्वा रुपया, सगुन म्हणून!"

नागरसाहेबांनी नोकरीत कर कमी करा म्हणून रडणारे, भांडणारे, मूर्च्छा येणारे पुष्कळ पाहिले होते. वाढवून मागणारा हा पहिलाच. ते इतके हसले की विठोबाला पाणी आणावे लागले. मग डोळे पुसत त्यांनी फॉर्म सहीसाठी फिरवला. काकांनी सहजगत्या हात पुढे केला. घरचे कर्ते ते. आजवर घरातल्या सगळ्या कागदांवर त्यांनीच सही केलेली.

"आपण नाही. ही."

"आमचं कुटुंब एकत्र आहे, साहेब."

"कुटुंब एकत्र असो. विद्या हिची, मेहनत हिची, तर कमाईही हिची. सहीही हिची."

टाक काकांच्या हातात होता. क्षणभर तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो उलटा करून, बोथट बाजू पुढे ठेवून, बकुळेला दिला.

परतताना ओट्यांवरून लोक विचारत, "किती लागला हो?" तर काका नुसते गूढ हसत आणि वर आकाशाकडे बोट दाखवत. लोकांनी समजायचे ते समजावे. देवीच्या टेकडीच्या पायथ्याला येताच ते थांबले, उपरणे झटकले, पुन्हा खांद्यावर घेतले.

"साहेबांनी एक विचारलं. अर्धा रुमाल दुसऱ्याकडून उतरवून घेतलास तर."

"हो."

"मोडी मलाही येतं. दादाइतकं नाही. पण फराशखान्याची तीस वर्षांची यादी माझ्या हातची आहे. प्रत्येक सतरंजीचं भोकसुद्धा त्यात आहे."

बकुळेने वळून पाहिले. पगडीखाली काकांचे कान लाल झाले होते. ते टेकडीकडे बघत बोलत होते, जणू देवीशीच बोलणे चालले होते.

"परीक्षेला तुला वेळ हवा. दिवसभर माझं काय असतं? झोपाळा."

"काकासाहेब, पण मंडळ मला सहा आणे देतं. टपाल, तपासणी माझी. तुम्हाला मी चार देईन."

"साडेचार."

"चार. चुकलं तर परत करून द्यायचं, फुकट."

"पुतणी आहेस की सावकार?" पण चेहरा फुललेला. मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी पगडी सावरली आणि ताठ उभे राहिले. "एक सांगून ठेवतो. मी नोकर नाही हं. कधी बसायचं ते माझं मी ठरवणार."

"शाईही तुमची?"

"माझी."

"भिंग?"

ते थबकले. नऊ रुपये होते. "भिंग," उदाजीराव म्हणाले, "आठवड्यातून तीन दिवस उसनं देशील?"